दसऱ्यानंतर रुसलेली जीप

आमच्या जीपचं सांगतो. दसऱ्याला बायकोने तिची पूजा केली आणि दुसऱ्या दिवसापासून ती कोरीटच्या रस्त्यावर दर दोन मैलांनी बंद पडायला लागली. थोडं थांबलं की पुन्हा चालू. मिस्त्रीने कार्बोरेटर दोनदा उघडला, पंप तपासला, पण दोष सापडेना. मी म्हटलं, "तुले काही समजस का नही?"

तिसऱ्या दिवशी त्याने टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणावरचं हवेचं भोक शेंदराने बुजलं होतं, म्हणून पेट्रोल पुढे जात नव्हतं.

घरी येऊन बायकोला विचारलं, "तठे शेंदूर लावाले कोनी सांगं?"

"तुम्हीनच तं सांगं, जठून गाडी पेट्रोल पेस तेच तिन्हं तोंड."

मिस्त्री ओट्यावर चहा पीत होता. त्याने सगळं ऐकलं.