हरभऱ्याच्या मुळावरचे पाहुणे

“कोंडिबा, हरभरा उपटू नको रे! विळ्यानं काप, मूळ मातीतच राहू दे. आणि सुंद्राआत्याला अंतर देऊ नको!”

डोळे मिटताना आई असं म्हणाली. कोंडिबानं ‘हो’ म्हटलं. अहो, जाणाऱ्या माणसाला ‘नाही’ कोण म्हणतं?

मंडळी, मला सांगा, घरात बसून जो खातो, तो ओझंच असतो का? आज माझा उपास, आवाज बेताचा; तेव्हा कान तुम्हीच मोठे करा!

तर कोंडिबा कसा? दारातल्या चिमणीलाही विचारेल, “काम काय करतेस?” एके सकाळी घाटे खायला म्हणून हरभऱ्याचं झाड उपटलं त्यानं. पाहतो तर मुळांवर गाठीच गाठी! आला ओरडत, झाड अंगणात आपटलं —

“अनसूये, रोग! सगळं रान उपटून टाकतो!”

बायको म्हणाली, “आधी चहा घ्या, मग उपटा.”

“चहा कसला! मुळाला फुकटे चिकटलेत! आत्ये, तूही बोचकं बांध. दुपारी तुझ्या दिराकडे सोडतो!”

आत्याला दात एक, लुगडी दोन. बोचकं बांधायला कितीसा वेळ!

धार राहिली होती, म्हणून कोंडिबा तणतणत गेला गोठ्यात, धार काढायला. तांबू गायीनं वळून पाहिलं… आणि मंडळी, अशी लाथ! बादली तिकडे, कोंडिबा शेणात!

“बारा वर्षं आत्याबाईच धार काढतात तिची,” बायको दारातून म्हणाली. “ठाऊक नव्हतं?”

नव्हतं! दूध मात्र रोज पीत होता हो!

आत्यानं अंगणातलं झाड उचललं, नखानं गाठ फोडली. आत गुलाबी!

“रोग नव्हे, कोंड्या. गुलाबी म्हणजे जित्त्या आहेत या.”

हवेत नत्र केवढं! पण झाडाला ते घेता येत नाही. नारळ समोर, फोडायला दगड नाही! गाठीतले जिवाणू ते फोडून झाडाला भरवतात, झाड त्यांना आपली साखर देतं. मूळ मातीत राहिलं, तर पुढच्या पिकालाही वाटा! आता सांगा, कोण कोणाला पोसतंय?

तुमच्याही घरी कोपऱ्यात कुणी बसलंय. काका, मान खाली कशाला? आधी गोठ्यात जाऊन या, मग बोचकं बांधायला सांगा!

आणि कोंडिबा? शेण धुतलं. आत्याचं बोचकं सोडून लुगडं दांडीवर टाकलं. विळा घेतला, नि एका दातानंही चावता येईल असा हरभऱ्याचा कोवळा डहाळा कापून आणायला निघाला — मूळ मातीत ठेवून.