पट्टी गुंडाळू नका

जमलेल्या मायबहिणींनो, वडीलधाऱ्यांनो, आणि समोर बसलेले वसंतभाऊ,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं. शालूताईंच्या फोटोला हार घातलेला आणि त्यासमोर उभं राहून 'ताई होत्या' असं म्हणायचं, ते जिभेवर येत नाही. पळताना दम लागला की ताई म्हणायच्या, "थांबू नोको, हळू हो." तशीच हळूहळू बोलते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ताई आणि त्यांचे यजमान वसंतभाऊ यांचं हिंगणघाटच्या बाजारात किराणा दुकान आहे. शटर उघडायच्या आधी ताई हायवेवर पळून यायच्या. आमच्यासारख्या कितीजणींना त्यांनीच घराबाहेर काढलं. माझ्या सासूबाईंनी त्यांना दारातच अडवलं होतं. "लग्न झालेली बाई काऊन पयते वं? कोणी मांगं लागलं काय?" ताई हसल्या. "मांगं कोणी नाई, मावशी. तुमच्या सुनेलेच न्यायले आली."

आपल्या गावची वार्षिक दौड सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी पुरुष हायवेवरच्या जाम गावच्या चौकापर्यंत जाऊन परत यायचे. बायका मात्र अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावरून माघारी. हे कोणी ठरवलं होतं? कोणालाच आठवत नाही. बायकांना झेपणार नाही, बस्स! एका वर्षी ताई पंपावर वळल्याच नाहीत. मागून शिट्ट्या वाजत राहिल्या आणि ताई सरळ जामकडे गेल्या.

परत आल्या तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. मंडपवाले खुर्च्या रचत होते. शेवटच्या रेषेवरची लाल पट्टी गुंडाळून टेबलावर ठेवली होती. ताई रेषेच्या अलीकडेच थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "ताई, झालं न आता, या इकडून." ताईंनी मान हलवली. "माही दौड झाली नाई अजून. पट्टी धरा." मंडपवाल्यांनीच मग खुर्च्या खाली ठेवून पट्टी धरली. टाळ्या वाजवायला आम्ही चार-पाचजणी. पट्टी ताईंच्या पोटाला लागली आणि मला रडू आलं.

पुढच्या वर्षी बायकांची दौड जामपर्यंत झाली. भांडून झाली, बरं का. कोणी ओवाळणीत दिली नाही. नंतर ताई दौडीच्या समितीच्या अध्यक्ष झाल्या. त्यांचा एकच हट्ट: शेवटची बाई येईपर्यंत पट्टी गुंडाळायची नाही. आणि स्वतः सगळ्यांच्या मागे पळायच्या. मी एकदा चिडून विचारलं, "ताई, दम आहे तुमच्यात, पुढे काऊन नाई जात?" म्हणाल्या, "पुढचीले सारेच पाह्यतात. मांगचीले कोण पाह्यते? तिले वाटलं पाह्यजे का आपल्या मांगं बी कोणी हाये."

ताई काविळीनं गेल्या. डॉक्टरांनी तेच सांगितलं. तरी बाजारात चर्चा काय? "पयून पयून गेली." आणि परवा समितीत विषय निघाला, की काळजी म्हणून, ताईंच्या आठवणीखातर, यंदा बायकांनी पंपावरूनच परत यावं. प्रकाशदादा, हे तुम्ही मांडलंत. तुमच्या मनात वाईट नाही, मला माहीत आहे. पण तुम्हीच सांगा, ज्या बाईनं तो पंप ओलांडला, तिच्या नावानं आम्ही पंपावरून वळायचं? शोकसभेत रागावू नये म्हणतात. मला राग आला आहे.

काल मी वसंतभाऊंना विचारलं, तुम्ही काही बोलाल का? गल्ल्यामागची ताईंची खुर्ची त्यांनी फडक्यानं पुसली. मग म्हणाले, "मले भाषण येत नाई. पट्टीचं एक टोक मी धरतो."

दादा, दुसरं टोक तुम्ही धरा. आम्ही जामपर्यंत जाणार. यंदा मी पहिली येईन असं लोक म्हणतात. राहू द्या. यंदा मी सगळ्यांच्या मागे पळणार आहे. मला उशीर होईल. पट्टी गुंडाळू नका.

आता ताईंसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. पण जरा थांबा. माझ्या सासूबाई मागच्या रांगेत बसल्या आहेत. गुडघे दुखतात, त्यांना उठायला वेळ लागतो.

त्या उभ्या राहिल्या, की सुरू करू.