एकाच नावाच्या दोघी

जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो, वकीलताई, सर,

मला भाषण येत नाही. अंगणवाडीत मदतनीस आहे, पोरांकडून गाणी म्हणून घेते, तेवढंच माझं बोलणं. आपलं घरचं बोलणं वेगळं, पण पाहुणे बसलेत म्हणून मराठीत बोलते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपली सविता गेली. सविता वसावे. माझंही नाव सविता वसावे. ती इथली, मोलगीच्या वरच्या पाड्यातली. मी खालची, अक्कलकुव्याजवळची. नातं काही नव्हतं. ती गेल्याचा फोन फिरला तेव्हा बाया माझ्याच दारात रडत आल्या. मी भाकरी थापत होते. मला बघून एक बाई मागे सरकली.

कसं झालं ते सांगते, लोक उलटसुलट बोलतात म्हणून. दोघींच्या छातीत गाठ. दोघी एकाच आठवड्यात शहरातल्या एकाच दवाखान्यात गेलो. तेव्हा ओळख नव्हती. खिडकीवरच्या माणसाने गाव विचारलं. आपण काय सांगतो? पाड्याचं नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, हे कुठे आलं? म्हणून आपण तालुका सांगून मोकळे होतो. मी सांगितलं अक्कलकुवा. तिनेही सांगितलं अक्कलकुवा. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. तपासणीत माझा रिपोर्ट तिला गेला आणि तिचा मला आला.

मला म्हणाले कॅन्सर. माणसांसमोर बोलायला लाज वाटते, तरी बोलते. माझी एक छाती काढली. मग ती कडक औषधं, केस गेले, पोरगा जवळ यायला घाबरायचा. आणि मला काही झालेलंच नव्हतं. तिला तिथला माणूस म्हणाला, "घाबरू नको वं, साधी गाठ शे." ती हसत घरी आली आणि नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊस तोडायला गेली. गाठ वाढत राहिली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी जुने नमुने परत तपासायला लावले, तेव्हा घोळ कळला. तोवर फार उशीर झाला होता.

आमची भेट वकीलताईंकडे झाली. गरिबाला कोर्टाकडून फुकट वकील मिळतो, त्या या ताई. मी दारातून आत गेले, तर ही बाकावर बसलेली. मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, "माझी गाठ तुझ्या अंगातून काढायला गेले बघ." मी रडायला लागले आणि ही हसायला लागली. मग तीही रडली. त्या दिवसापासून ती मला "ए दुसरी" म्हणायची. मी म्हणायचे, दुसरी तू. तारखेला जीपमध्ये हाच वाद चालायचा.

ग्राहक कोर्टात दवाखान्याचा वकील म्हणाला, बायांनी गावच चुकीचं सांगितलं, आमचा काय दोष? मी खाली बघायला लागले. मला वाटलं, खरंच आपलंच चुकलं. वकीलताई म्हणाल्या, गाव सांगणं बाईचं काम, गाठ कोणाची ते बघणं तुमचं काम. सविता मला कोपराने ढोसत म्हणाली, मान वर कर. ती होती म्हणून मी मान वर केली.

आता ती नाही. आणि मला भीती वाटते. रोज सकाळी उरलेली छाती चाचपून बघते. कागद म्हणतो, तुला काही नाही. तिलाही कागदानेच सांगितलं होतं ना? दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी कशावर फुंकर घालू?

दुसरी भीती दवाखान्याच्या माणसाची. परवा जीपने आला, ओट्यावर बसला, चहा प्याला. फार गोड बोलला. म्हणाला, "एक सविता गेली, एक आहे. ती तरी सुखात राहावी. मिटवून टाका." जाताना माझ्या पोराची शाळा कुठली ते विचारलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. भिमसिंगदादा, तो तुमच्याकडेही बसून गेला, मला कळलं. तुम्ही त्याला काय सांगितलं ते कळलं नाही.

भिमसिंगदादा म्हणजे तिचे मालक, ते समोर बसलेत. मंडळी, वकीलताई सांगतात, वारस म्हणून दादांनी नाव लावलं तर तिची केस चालेल. नाही लावलं तर तिथेच संपेल. मग त्या कोर्टात माझी कापलेली छाती राहील, पण तिचा गेलेला जीव राहणार नाही.

दादा, तुम्ही घाबरलात तर मी नावं ठेवणार नाही. घरात दोन पोरी आहेत. घाबरायला मीही काही कमी नाही. पण तारखेला मी जाणार. जीव मुठीत धरून जाणार.

आता सगळे उठा. तिच्यासाठी जरा वेळ गप्प उभं राहू. दादा, तुम्ही इथे माझ्या शेजारी येऊन उभे राहाल का? मला एकटीने उभं राहवत नाही. त्यांना कोणी ढकलू नका, कोणी हाका मारू नका. यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. तोवर आपण सगळे गप्प राहू.