आंब्याच्या पेटीतले मासे

समारंभाचे अध्यक्ष माननीय माणिकरावजी, मंचावर विराजमान पाहुणे, आज निरोप घेणारे आमचे चित्रकला शिक्षक ज्ञानचंद सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती कंचनभाभी, शिक्षक बंधुभगिनींनो आणि विद्यार्थ्यांनो,

मी युनूस. या शाळेत विज्ञान शिकवतो आणि ज्ञानचंद सरांशी रोज भांडतो. अध्यक्ष महाराज म्हणाले, आनंदानं निरोप द्या. क्षमा असावी, पण आनंद आणायचा कुठून? माझ्या मागे भिंतीवर या रिकाम्या फ्रेमा दिसतात ना? आज यांत जपानची चित्रं असायची होती. सरांचा सगळा संग्रह शाळेला मिळणार होता.

लाकडावर कोरून, एकेका रंगाचा वेगळा ठसा कागदावर दाबून केलेली ती चित्रं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कारंजा गावात कापूस घ्यायला जपानी व्यापारी येत. त्यांतल्या एकानं सरांच्या वडिलांना, उत्तमचंदजींना, जाताना एक चित्र दिलं. बर्फातला पूल. तिथून सरांना नाद लागला. पुढे मुंबईच्या जुन्या बाजारातून, पत्रमित्रांकडून चित्रं येत राहिली. डोंगर, नद्या, पावसाच्या सरी आणि मासे. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा सरांनी पावसाचं चित्र वर्गात टांगलं होतं, आठवतं? पोरं मधल्या सुट्टीतही तिथून हलत नव्हती.

आता घरची गोष्ट. भाभी, रागावू नका. जैनाच्या घरात स्वयंपाकघरासमोर मासे टांगले तर कोण खपवून घेईल? भाभी म्हणाल्या, "पहाड राहू द्या, मासे न्या. जेवतानी माह्याकडेच पाहून राह्यले ते." सर म्हणाले, "एका कुळातले आहेत, वेगळे कायले करू?" आणि सगळीच चित्रं आंब्याच्या लाकडाच्या पेटीत भरून शाळेच्या कोठीत आणली. पेटी सागाची घ्या म्हटलं होतं मी. पण ऐकतील ते सर कसले!

यंदा आषाढात मला कोठीच्या भिंतीवर वाळवीची मातीची नळी दिसली. ती सरळ पेटीच्या झाकणाखाली शिरली होती. मी धावत जाऊन पावडर आणली. सर आडवे आले.

"युनूसभाई, चातुर्मास आहे. जीव मारणार नाही असा महाराजाइसमोर नेम घेतला म्या. वाळवीचं घर मोडू काय?"

"सर, तुमचं घर मोडून राह्यलं ना!"

"झाकण उघडलं तरी चिरडतीन ते. कार्तिकी पुनव होऊ द्या."

चावी त्यांच्या करदोड्याला आणि दोन्ही हात जोडलेले. अशा माणसाशी काय भांडणार? सगळा चातुर्मास सर रोज त्या पेटीजवळ जाऊन बसत. कान लावून ऐकत. मग उठून वर्गात जात आणि पोरांना मासा काढायला शिकवत.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. माती निघाली, नुसती माती. कोपऱ्यात बोटभर निळा कागद शिल्लक होता. तो पाण्याचा की आभाळाचा, सरांनाही सांगता आलं नाही. भाभी रडत म्हणाल्या, "घरात राहू द्याले पाह्यजे होतं मी." सर एवढंच बोलले, "माह्या हातानं एकही जीव गेला नाही."

त्या दिवसापासून सरांनी ब्रश हातात घेतलेला नाही. फळ्यावर साधी रेघ ओढलेली नाही. आता ते मुलाकडे इंदूरला चालले. माझ्यानं हे बघवत नाही, आणि ते मी इथे उघड सांगतो. ज्ञानचंद, मंचावरून पहिल्यांदाच नुसत्या नावानं हाक मारतो. त्या पेटीपाशी बसून रोज थोडा थोडा जात राहिला, तो जीव नव्हता काय?

उत्तर नको. शाल घ्या, नारळ घ्या. या फ्रेमा मात्र मी उतरवू देणार नाही.

सभेनं शांतपणे ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशीही भांडलो. काही कमीजास्त बोललो असेन तर आपण सर्वांनी मोठ्या मनानं माफ करावं. ज्ञानचंद सरांनी नाही केलं तरी चालेल. निदान भांडायला तरी ते परत येतील.