दोरी बांधलेलं मशीन

दवाखान्यात इलेक्ट्रिशियन आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. मघाशी त्याच्या शेजारी बसलेल्या नणंदा-भावजया डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या.

"वहिनी, आता तरी हस की! कॅन्सर नाही म्हणाले ना?"

"अगं, पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा तो विषाणू आहेच की."

"असू दे. पेशी नीट आहेत. त्या विषाणूची प्रथिनं पेशीच्या वाढीचा ब्रेक काढतात, तसलं काही झालेलं नाही तुला."

"म्हणजे पेडलवरून पाय काढला तरी सुई धावतेच, तसं?"

"अगदी तसं. वर चुकलेली शिवण उसवणारी, म्हणजे बिघडलेली पेशी काढून टाकणारी यंत्रणा असते ना, तिलाही ती प्रथिनं हाकलून देतात. तुझ्याकडे दोन्ही शाबूत आहेत. बहुतेकदा शरीरच विषाणूला घालवतं. वर्षभराने परत तपासायचं, बस्स."

"मग एक विचारू? रागावू नकोस हं."

"विचार की."

"माझं शिलाई मशीन... आता मी काही जगत नाही म्हणून तुला देऊन टाकलं ना..."

"परत हवंय!"

"दिलेलं मागायला लाज वाटते गं."

"वहिनी, मशीन देताना तू बांधलेली दोरीसुद्धा मी अजून सोडलेली नाही."

इलेक्ट्रिशियनचा नंबर दुसऱ्यांदा पुकारला, तेव्हा कुठे तो उठला.