सायवनच्या गवताला ताप

निलम : देवजीकाका, गवताला ताप आला की तुम्ही त्याला गोळी देता की सुई टोचता?

देवजी : कुणी सांगितलं विचारायला?

निलम : कुणी नाही. म्हणजे... स्वप्ना आणि रूपीनं. त्या बघा, गेटाबाहेर तोंड दाबून हसतायत. विचारलं तर मला दोन वडापाव, घाबरले तर मी त्यांना चार.

देवजी : एकनाथभाऊंची लेक ना तू? मग बापालाच विचारायचं. गवताच्या वखारीचे मुकादम ते. मी नुसता राखणदार.

निलम : पप्पा म्हणतात, देवजी म्हातारा झाला, गवताशी बोलतो.

देवजी : बोलत नाय बाय, ऐकतो. दप्तर ठेव तिकडे. काडेपेटी नाय ना त्यात?

निलम : काका! नववीत आहे मी!

देवजी : नववीतल्यांच्याच दप्तरात निघते. गेटावरचा डबा बघ, सगळ्या हमालांच्या बिड्या-काड्या त्यात. माझी चूलसुद्धा कुंपणाबाहेर. आता ये. या थप्पीतली ही सळई ओढ.

निलम : ही? आम्हाला वाटायचं, थप्पी पडू नये म्हणून खुपसलीय! बाप रे, केवढी लांब. निघाली.

देवजी : टोक मुठीत धर आणि पाच मोज.

निलम : एक, दोन, तीन, चार, पाच. कोमट आहे. काका, कोमट कशी? ऊन तर इथे येतच नाही!

देवजी : गवत कापलं म्हणजे मेलं, असं वाटतं माणसाला. जरा ओलं राहिलं, दाबून गाठ बांधली, गाठीवर गाठ रचली, की आतल्या आत दम टाकतं. तो दम गरम. बाहेर पडायला वाट नाय, मग चढत जातो. पाचपर्यंत सळई धरवली तर बरं. तीनला सुटली तर थप्पी मोकळी करायची. आणि धरवलीच नाय...

निलम : तर?

देवजी : तर काडी कुणी लावली, ते शोधत बसतात लोक.

निलम : थांबा, थांबा. काडीशिवाय? आम्हाला विज्ञानात ज्वलनांक आहे, पण त्यात कुणीतरी पेटवतंच! गवत स्वतःच स्वतःला पेटवतं?

देवजी : मी पाहिलंय. पंधरा वर्षं झाली, दुसऱ्या वखारीत होतो. तीन दिवस जळत होती. शेजारच्या पाड्यातली सात घरं गेली. मला विचारलं, देवजी, बिडी कुठे फेकलीस? जन्मात बिडी ओढली नाय मी. कामावरून काढलं. गवताला कुणी विचारलं नाय.

निलम : काका, काटा आला अंगावर. बघा, खरंच आलाय. आणि आम्ही रोज याच कुंपणाला टेकून बोरं खातो! बरं, मधल्या थप्पीत सळई का नाही?

देवजी : सायवन गावचा माल तो. एकनाथभाऊ म्हणाले, कोरडा आहे, गरज नाय.

निलम : कधी आला?

देवजी : ओखी वादळाच्या पावसानंतर दोन दिवसांनी. ट्रक रस्त्यात उभे होते, घाई होती.

निलम : म्हणजे आम्हाला वादळाची सुट्टी मिळाली, तेव्हा ते गवत भिजत होतं? आणि म्हणून तुमची मांजर...

देवजी : धाकली? तिचं काय?

निलम : ती आधी तुमच्या चुलीच्या राखेत झोपायची ना? आठवडा झाला, ती त्या थप्पीवर झोपते. आम्ही रोज बघतो जाताना. रूपी म्हणते, महाराणीला गादी मिळाली. आत्ताही आहे, ती बघा वर!

देवजी : आठवडा?

निलम : आठवडा तरी. काका, तुमचं तोंड असं का झालं? थांबा, मी चढून बघते...

देवजी : खाली उतर! आधी उतर! वर पाय द्यायचा नाय. आत जळून पोकळ झालं असेल तर सरळ आत जाशील. ती सळई दे इकडे. जोर लाव माझ्याबरोबर. अजून. बस. आता थांबायचं.

निलम : किती?

देवजी : तुला पाढे येतात?

निलम : तीसपर्यंत. सतराला अडकते.

देवजी : अकरापासून म्हण. अडकलीस तर परत म्हण. घाई नाय.

निलम : अकरा एके अकरा, अकरा दुणे बावीस... काका, वास येतोय. गुळाचा पाक करपल्यासारखा. गोड आहे.

देवजी : मलाही येतोय. म्हण तू.

निलम : ...सतरा साते... सतरा साते... मला नाही आठवत. काढू या ना!

देवजी : मी काढतो. तू नुसतं बोट लाव.

निलम : एक... आई गं!

देवजी : भाजलं?

निलम : नाही. थोडंसं. काका, वाफ! भोकातून वाफ येतेय, म्हशीच्या नाकातून येते तशी! बाहेरून किती शांत आहे हो ही थप्पी. पिवळीधमक. आणि आत...

देवजी : पळ. पप्पांना आण. आणि मैत्रिणींना सांग, पाड्यात जाऊन म्हणा, पोरंबाळं घेऊन रस्त्यापलीकडे बसा. थप्पीला कुणी हात लावायचा नाय. उघडली की वारा आत जातो, मग ती आपलं ऐकत नाय.

—

पप्पा : देवजी, काय लावलंय हे? पोरीला भुताच्या गोष्टी सांगाव्यात तसं काहीही सांगता! मी स्वतः हात लावून घेतला होता तो माल.

देवजी : वरून कोरडा होता, भाऊ.

पप्पा : मग? थप्पी फोडायची, बंब बोलवायचा, म्हणजे शेठना कळणार. ते म्हणतील, ओला माल घेतलाच कसा?

निलम : पप्पा, सळई परत आत घातलीय. ओढा आणि टोक धरा.

पप्पा : तू घरी जा.

निलम : जाते. पाच मोजा, मग जाते.

पप्पा : एक... अरे देवा.

निलम : तुम्ही एकच मोजलात.

पप्पा : देवजी, आधी काय करायचं? सांगा. मी ऐकतो.

देवजी : आधी बंब. तो पाणी घेऊन उभा राहू दे. मग बाहेरच्या बाजूनं एकेक गाठ काढून लांब मैदानात टाकायची. धाकली उतरलीय. बरोबर कळतं तिला.

—

आई : अगं, केसांत गवत, तोंडाला काजळी! एकनाथराव, तुम्ही तरी सांगा, काय झालं? ही आल्यापासून नुसती नाचतेय.

निलम : आई, ऐक ना! बाहेरच्या गाठी सोन्यासारख्या. मग तपकिरी, तंबाखूसारख्या. आणि अगदी आतली गाठ दोघांनी उचलली तर काळी! कोळसा! जाळ नाही, ठिणगी नाही. मैदानात टाकली, वारा लागला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिनं स्वतःहून पेट घेतला. भक्कन! कुणी काही केलं नव्हतं, आई. पप्पांनी बोलावलेल्या बंबवाल्यांनी लगेच विझवली. ते म्हणाले, अजून दोन दिवस, मग वखार आणि पाडा दोन्ही गेले असते. हमालसुद्धा हात जोडून उभे होते, देवळात राहतात तसे.

आई : आणि एकनाथराव, तुम्हाला काय झालंय?

पप्पा : शेठचा फोन आला होता. विचारत होते, त्याच थप्पीत देवजीनं सळई का लावली नाही? झोपला होता का?

आई : मग काय सांगितलंत?

पप्पा : उद्या सकाळी या, बोलू, म्हटलं.

आई : म्हणजे नाही सांगितलंत.

पप्पा : वसू, नोकरी आहे माझी.

निलम : काकांची पण आहे. त्यांना एकदा काढलंय, पप्पा. न ओढलेल्या बिडीसाठी.

आई : निलम, जरा थांब. त्यांना बोलू दे.

निलम : नाही आई, मी ठरवलंय, दोघांना सांगून टाकते. उद्यापासून शाळेआधी मी वखारीत जाणार. काका सळई काढणार, मी मोजणार आणि वहीत लिहिणार. कुठली थप्पी, कुठून आली, कितीपर्यंत धरवली. सगळ्या थप्प्या. पहिलं पान सायवनच्या मालाचं. आणि सळई लावू नको असं कोण म्हणालं, तेही त्यातच. शेठ आले की वही त्यांच्या हातात देणार.

पप्पा : माझं नाव लिहिणार तू?

निलम : हो. आणि खाली, बंब कुणी बोलावला, तेही. अक्षर चांगलं काढीन, पप्पा.