लोरिंगची चौथी

(कणकवलीतल्या एका खासगी रुग्णालयात डायलिसिसची खोली. शेजारशेजारच्या दोन खाटांवर नाना आणि बाबली. दोघांच्याही हातात सुया, उशाशी यंत्रं.)

बाबली: पण नाना, ह्या गाणा तरी खंयचा? मगाधरसून वाजता, पण कोण गायनाच नाय.

नाना: गाणं नाही रे, सिंफनी. नुसती वाद्यं. तुला त्रास होतोय का? कमी करतो.

बाबली: कमी कित्याक? ह्या यंत्राची घरघर आयकान कान किटले. मोठा करा उलट.

नाना: थांब, फोन मधल्या टेबलावर ठेवतो. तू हात हलवू नकोस, सुई निघेल.

बाबली: केलेला कोणी ह्या?

नाना: लोरिंग म्हणून एक अमेरिकन होता, गेल्या शतकातला. सहा सिंफन्या लिहिल्या त्याने. ही पहिली.

बाबली: आणि तुमका ह्या आवडता? फोंडाघाटात बसान?

नाना: आवडतं कसलं! कळतच नाही. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि रेडिओवर नाट्यगीतं ऐकली. पण माझी नात तिकडे अमेरिकेत असते, संजना. शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. त्यांनी याची चौथी बसवायला घेतलीय. तिला मराठी धड येत नाही, माझं इंग्रजी तिला समजत नाही. फोनवर ‘आजोबा, जेवलात का’ झालं की पुढे दोघंही गप्प. परवा आपणहून म्हणाली, चौथी ऐका आणि मला सांगा कशी वाटली.

बाबली: मगे चौथीच लावा ना. पयल्यापासून कित्याक?

नाना: मास्तर ना मी! पहिली झाल्याशिवाय चौथीत कसा बसू?

बाबली: माका चौथीतसूनच काडलेल्यान बापाशीन. होडयेर घातल्यान.

अक्षया: बाबलीकाका, गप्पा नंतर. आज वजन किती वाढलंय बघितलंत? पाणी प्यालात ना?

बाबली: पाणी नाय ओ सिस्टर. बंदरार गेललंय. मासळेच्या पेटयेतलो बर्फ इल्लो चोखलंय, इतक्याच.

अक्षया: बर्फ म्हणजे काय, दगड आहे? आज पायात गोळे आले तर मला हाका मारू नका.

*

बाबली: ही दुसरी काय नाना? संपली म्हणता म्हणता परत सुरू. चार येळा माका वाटला आता झाला.

नाना: मलाही तसंच वाटलं. घरी ऐकताना तर मी मध्येच झोपलो.

बाबली: पयली बरी होती. बॅन्ड घेवन कोण तरी रस्त्यान चल्लो, असा तरी वाटा. ही खंय जाता ताच कळना नाय.

नाना: पण ऐक, आता ते तुतारीसारखं वाजलं ना, ते अगदी सुरुवातीला होतं. तेव्हा व्हायोलिनवर होतं. मला आज पहिल्यांदा पकडता आलं.

बाबली: मगे नातीक सांगा ता.

नाना: तिला चौथीचं सांगायचंय रे.

*

नाना: बाबली, झोपलास?

बाबली: नाय. आयकतंय. ही तिसरी बरी आसा. हेच्यात कोण घायीत नाय.

नाना: हा संथ भाग. नुसती खालच्या आवाजातली वाद्यं. आणखी बराच वेळ असंच चालतं.

बाबली: चलांदे. नाना, एक सांगू? कोणाक सांगू नकात.

नाना: सांग.

बाबली: सोमवारपासून मी येवचंय नाय.

नाना: म्हणजे? दुसऱ्या रुग्णालयात जातोयस?

बाबली: खंयच नाय. घराकडे रवतलंय. बस झाला आता. देवगडसून हंय येवचा, सुयो टोचून घेवच्यो, परत जावचा. दुसरो दिस नुसतो पडान. तिसऱ्या दिसाक परत ताच. माझो झिल समर्थ माका गाडयेतसून आणता, त्या दिसाक तेची होडी बंदरात उभी. बायल माझी, राधाबाय, वांगडा येता, भायर बाकड्यार बसान रवता. दमली ती. कोण तोंडान बोलना नाय, पण दमली सगळी.

नाना: बंद केल्यावर काय होतं ते माहीत आहे ना तुला?

बाबली: म्हायत आसा. निजान जावचा.

नाना: राधाबाईंना सांगितलंस?

बाबली: तिका सांगला तर ती सोडीत काय माका?

नाना: खरं सांगू, बाबली? मला स्वतःला कंटाळा येतो. सकाळी जीपमध्ये बसताना वाटतं, आज ड्रायव्हर आलाच नसता तर बरं झालं असतं. म्हणून तुला उपदेश करायला तोंड नाही मला.

बाबली: म्हणान तर तुमका सांगलंय. दुसरो कोण असतो तर भाषण केल्यान असता.

*

नाना: अक्षयाताई, बाजूची खाट आजही रिकामी?

अक्षया: सोमवारीही आले नाहीत. त्यांच्या मुलाला फोन केला, तर म्हणाला, बाबा म्हणतात पोटात बिघडलंय, पुढच्या वेळी जाऊ. मी बजावलं त्याला. आणखी किती करणार मी? तुमचं ते संगीत लावा ना. तेवढाच वेळ जाईल.

नाना: आज चौथी ऐकायची होती. नको. एकट्याने नाही ऐकवणार. त्यापेक्षा मला राधाबाईंचा नंबर द्याल?

*

राधाबाई: हॅलो? कोण ता?

नाना: राधाबाई, मी फोंडाघाटचा नाना. बाबलीच्या शेजारच्या खाटेवरचा.

राधाबाई: बोला नाना. तेंका बरा नाय ओ. कालधरसून आडवे पडाक जमना नाय. उशयेक टेकान बसान आसत रातभर. कफ जालोसा वाटता. सुंठ उगाळून दिलंय.

नाना: राधाबाई, तो कफ नव्हे. छातीत पाणी भरलंय. आत्ता गाडी काढा.

राधाबाई: पोटाचा म्हणत होते ते...

नाना: पोटाचं काही नाही. त्याने ठरवून बंद केलंय. मला सांगितलं होतं, कोणाला सांगू नका म्हणाला होता. मी गप्प बसलो. बसायला नको होतं.

राधाबाई: ठरवून?

नाना: हो.

राधाबाई: माका नाय सांगल्यानी. तुमका सांगल्यानी.

नाना: राधाबाई, मग रागवा माझ्यावर. आधी समर्थला हाक मारा.

*

बाबली: तुमी सांगलास तिका.

नाना: सांगितलं.

बाबली: कोणाक सांगू नकात म्हटलेलंय.

नाना: म्हटलं होतंस. रागावलायस?

बाबली: रागावूक अंगात दम व्हयो, नाना. ऑक्सिजनवर ठेवलेल्यानी माका. काल सोडल्यानी.

नाना: कळलं मला. बोलू नकोस जास्त.

बाबली: माका वाटलेला निजान जातलंय. निजच इली नाय. दर्यार एकदा बुडान वाचलंय मी, तसाच जाला परत, पण घरात खाटेर बसान. हात मारूक पाणी खंय आसा? तेवा भियालंय. समर्थ गाडी हाडता म्हणालो, तेवा मीच तेका म्हटलंय, बेगीन हाड.

नाना: राधाबाई काय म्हणाल्या?

बाबली: काय नाय. सगळ्या रस्त्यार माझो हात धरून बसलेली. हंयच्या दारात म्हणाली, ‘परत मरूचा वाटला तर माका सांगा. शेजाऱ्याक कित्याक सांगतास?’

नाना: बरोबर बोलल्या.

बाबली: नातीक काय सांगलास चौथीचा?

नाना: अजून ऐकलीच नाही. तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझा सोबती आजारी आहे, तो आला की ऐकू. मग ती तुझ्याबद्दल विचारत बसली. होडी केवढी, मासे कुठले, पोहता येतं का त्याला. अर्धा तास बोललो आम्ही. एवढं कधी बोललो नव्हतो.

बाबली: पोवाक येता म्हणान सांगलास मां?

नाना: सांगितलं. लावू?

बाबली: लावा.

अक्षया: आधी हात इकडे करा, काका. सुई टोचू दे, मग काय ते लावा. आणि राधाकाकू, तुम्ही दारात का उभ्या?

राधाबाई: सिस्टर, आज मी आत बसलंय तर चलात?

अक्षया: नातेवाईकांनी बाहेर बसायचं असतं खरं तर... बसा. ते स्टूल घ्या. यंत्राला हात लावू नका.

बाबली: भायर पंखो आसा गो. हंय बसान काय करतलंस? नाना आता ती सिंफनी लावतले.

राधाबाई: लावांदेत. हां, वाजाक लागला. नाना, ह्याच तुमच्या नातीचा काय? ही सुरवात?

नाना: हो, हीच. एकटं व्हायोलिन आहे आधी. बाकीचे मागून येतात, असं संजना म्हणाली.

बाबली: खूप लांब आसता गो ता. कंटाळतलंस.

राधाबाई: आसांदे.